मायफळ हे खरंच ओकच्या झाडाचं फळ असतं का? आणि ओक, बीच या झाडांची फॅमिली ओळखायची कशी?

येतं ओकवरच, पण ते फळ नाहीये. मला हे मुलगी झाली तेव्हा कळलं. आईने बाळगुटीचं सामान सांगितलं, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, मायफळ, आणि वर बजावलं की भोक पडलेलं मायफळ आणू नकोस. मी इथे इंदूरला सियागंजात गेलो तर दुकानदार जायफळच काढायला लागला, माजूफल म्हटल्यावर बरोबर डबा निघाला. घरी एक फोडून बघितलं तर आत बी नाहीच, मधोमध बारीकशी पोकळी.

होतं असं की तुर्कस्तान-इराणकडे क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाचा ओक आहे, त्याच्या कोवळ्या डहाळीत एक अगदी छोटी गांधीलमाशी अंडं घालते आणि झाड त्या अळीभोवती गाठ वाढवतं, तीच आपलं मायफळ. पंख फुटले की माशी भोक पाडून उडून जाते, म्हणून भोकवालं हलकं लागतं, आईचं बरोबर होतं. चांगल्या मायफळात निम्म्याहून जास्त टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य असतं, सहाणेवर उगाळून बोट चाटून बघा, जीभ आखडते इतकं तुरट.

ओकचं खरं फळ एकॉर्न. डिसेंबरात मुक्तेश्वरला गेलो होतो, तिथे बांज म्हणजे हिमालयातला ओक, पानं वरून हिरवी आणि उलटी केली की पांढरट, आणि खाली पडलेली फळं म्हणजे छोट्याशा वाटीत बसवलेली सुपारीच! ती वाटी हीच फॅगेसी म्हणजे ओक-बीच फॅमिलीची खूण. ओकमध्ये वाटी फळाला बुडाशी धरते, चेस्टनटमध्ये ती काटेरी होऊन दोन-तीन फळं पूर्ण झाकते, बीचमध्ये चार फाकांत उघडते आणि आत तिकोनी दोन बिया दिसतात (खरं तर ती फळंच). नर आणि मादी फुलं एकाच झाडावर पण वेगवेगळी, ओकची नर फुलं लोंबत्या तुऱ्यांत असतात आणि पराग वाऱ्याने जातात. मला सगळ्यात नवल याचं वाटतं की ओकच्या मादी फुलात बीजांडं (ज्यांची पुढे बी होऊ शकते) सहा असतात आणि बी मात्र बहुतेक वेळा एकच धरतं.

फॅमिलीत साधारण 900 जाती आहेत, त्यातले 400 च्या वर ओकच.

तुम्हाला मायफळ घ्यायचंच असेल तर इंदूरात माजूफल म्हणूनच मागा, जड आणि बिनभोकाचं बघून घ्या, आणि बाळाला देण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा, आम्हीही विचारलं होतं.