घरापर्यंत नेमकी कोणती वायर आली आहे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड आहे. वेग ६ एमबीपीएसच्या वर जात नाही आणि पावसात तेही तुटते. मोडेम बदलू का?

उत्तर : मोडेमवर पैसे घालू नका, दोष तारेत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा फोन लावूनच जोडणी मिळायची आणि तेवढा वेळ फोन अडकून पडायचा. पुढे एडीएसएल, म्हणजे तुमच्याकडचे फोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड, आले. त्यात तांब्याच्या त्याच जोडीवर खालच्या ४ किलोहर्ट्झमध्ये आवाज जातो आणि त्याच्या बऱ्याच वर डेटा. फोनमागची फिल्टरची डबी या दोघांना वेगळे करते. अडचण अशी, की वरच्या फ्रिक्वेन्सी तांब्यात लवकर विरतात. एडीएसएल२+ या त्याच्या सुधारित प्रकाराचा कमाल वेग २४ एमबीपीएस, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या अगदी जवळच. अंतर ३-४ किलोमीटर झाले की तो ५-६ वर येतो. जॉइंटमध्ये पाणी शिरले की आवाजाची खरखर वाढते आणि मोडेमची जुळणी सुटते. खात्री करायची असेल तर रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा आणि शांततेत ऐका. खरखर आली तर जॉइंट खराब आहे. फायबर (काचेच्या तंतूतून प्रकाशाने डेटा नेणारी वायर) घ्याच, मात्र जुना नंबर त्यावर चालू राहील का हे विचारल्याशिवाय लाइन बंद करू नका.

प्रश्न : वाशीत आमचा केबलवाला 'फायबर' म्हणून पैसे घेतो, पण घरात निळी वायर येते. ही फसवणूक आहे का?

उत्तर : फायबर बहुधा इमारतीपर्यंत आहे, घरापर्यंत नाही. पूर्वी केबलवाले गच्चीवरून गच्चीवर लॅनची वायर टाकत. तिची मर्यादा १०० मीटर, म्हणून ठिकठिकाणी स्विच (अनेक वायरी जोडून सिग्नल पुढे देणाऱ्या डब्या) बसवावे लागत आणि विजेच्या कडकडाटात त्यांचे पोर्ट, म्हणजे वायर जोडायच्या खाचा, जळत. आता गच्च्यांमधले अंतर फायबरने भरले, पण जिन्यातला स्विच आणि तिथून घरात येणारी ही निळी लॅनची वायर राहिली. स्विचला वीज लागते. त्यामुळे तुमचा इन्व्हर्टर चालू असला तरी जिन्यातली वीज गेली की नेट जाते. घरापर्यंतच्या फायबरमध्ये मधल्या स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागतच नाही. ओळख सोपी आहे : बारीक वायर, टोकाला बहुतेक वेळा हिरवा कनेक्टर, आणि तो थेट ओएनटीच्या (प्रकाशाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या) डबीत. घरापर्यंतचे फायबर मिळत असेल तर आमच्या मते थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्यावे.

प्रश्न : घोडबंदर रोडला ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण कधीही ९४ च्या वर जात नाही. कंपनी म्हणते, लाइन ठीक आहे.

उत्तर : ९४ या आकड्यातच उत्तर आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन जोडणीतून वरखर्च (डेटासोबत जाणारी पत्त्यासारखी जादा माहिती) वजा जाता ९४-९५ च हाती येतात. म्हणजे मध्ये कुठेतरी जोडणी शंभरवर अडकली आहे आणि कंपनीची लाइन खरेच ठीक असू शकते.

शंभरला वायरीतल्या केशरी आणि हिरव्या अशा दोन जोड्या पुरतात. हजाराला निळी आणि तपकिरीही लागते. या दोघींपैकी एक तार तुटली किंवा क्रिम्पिंगमध्ये (वायरीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) नीट बसली नाही, तर उपकरणे मुकाट्याने शंभरवर उतरतात. कुठलाही दिवा लाल होत नाही.

आधी लॅपटॉप छोट्या कॅट-५ई (हजाराला चालणाऱ्या) लॅन वायरने थेट ओएनटीला जोडा. नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो का पाहा आणि वेग मोजा. ३०० आले तर दोष पुढच्या वायरीत किंवा राउटरमध्ये आहे. दोन्ही टोके नव्याने क्रिम्प करा. तरीही १०० च दिसले तर राउटरचे पोर्टच शंभराचे आहेत का तपासा, स्वस्त राउटरमध्ये ते सर्रास असतात. वायरीने ३०० आणि मोबाइलवर ४० येत असतील तर तो वाय-फायचा प्रश्न. उंच इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वापरा.

प्रश्न : नेरुळ. फर्निचर हलवल्यापासून ओएनटीवर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकतो.

उत्तर : ओएनटीपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. वायर कपाटामागे दबली किंवा मुडपली आहे का पाहा. ३ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा वळसा देऊ नका. हिरवा कनेक्टर काढून खट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून पाहू नका. लेझर दिसत नाही, पण असतो. लाल दिवा तसाच राहिला तर तक्रार करा आणि दुरुस्तीनंतर तंत्रज्ञाकडून प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा लिहून घ्या. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगले. उणे २७ च्या पलीकडे जोडणी टिकत नाही. ३ डीबी घटले म्हणजे प्रकाश निम्मा झाला.

प्रश्न : ऐरोलीत कंपनी बदलल्यावर दुकानातून घरचा सीसीटीव्ही दिसेनासा झाला.

उत्तर : राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरमधून कॅमेऱ्याकडे वळवणे) चालणार नाही. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारी पेटी) बनवणाऱ्या कंपनीचे क्लाउड अॅप वापरा किंवा स्थिर आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) विकत घ्या. स्थिर आयपी घेतला तर त्याच दिवशी डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदला.