आजोबांना भेट द्यायला हाताने कोरलेली लाकडी काठी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचे गुडघे दुखू लागलेत, त्यांच्यासाठी वेल आणि पानं कोरलेली काठी करायची आहे, हाताशी एक चाकू आणि दोन-तीन पटाश्या आहेत, पण कोरीवकाम याआधी कधी केलेलं नाही. जरूर करा. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना काठी हातात घ्यायचीच नसते, ती आजारपणाची खूण वाटते. घरच्या कुणीतरी कोरून दिलेली काठी मात्र तेच लोक कौतुकाने चारचौघांत मिरवतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे नक्षीवर घातलेला वेळ वाया जातो असं मला अजिबात वाटत नाही.

मात्र या काठीवर एक माणूस आपला भार टाकणार आहे. म्हणून नक्षी कुठे आणि किती खोल, हे आधी ठरवावं लागतं. साधा हिशेब सांगते. गोल दांड्याची वाकण्याला टिकण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 24 मिमी जाडीच्या दांड्याला भोवताली फक्त 2 मिमी खोल खाच मारली की तिथे जाडी उरते 20 मिमी, आणि ताकद जवळजवळ 40 टक्क्यांनी घटते. शिवाय तुटायची वेळ आली तर काठी नेमकी त्या खाचेतच तुटते. म्हणून दांड्याला पूर्ण वेढा घालणाऱ्या खोल रिंगा कोरू नका. तिरपा चढत जाणारा वेल चालतो, कारण तो कुठल्याही एका जागी सगळीकडून लाकूड काढत नाही. त्याचीही खोली एक-दीड मिमी पुरे. उजेड तिरपा पडला की तेवढ्यातही पान छान उठून दिसतं.

लाकूड निवडायला मात्र भरपूर वेळ द्या, निम्मं काम तिथेच होतं. पूर्ण वाळलेली, साधारण 3 सेंमी चौरस आणि मीटरभर लांबीची पट्टी घ्या आणि तिच्या चारही बाजू डोळ्यांजवळ धरून बघा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन बाजूने बाहेर पडत असतील तर ती पट्टी कितीही देखणी असली तरी सोडून द्या, कारण भार आला की ती त्या तिरप्या रेषेवरच चिरते. दांड्यात गाठही नको. साग बऱ्यापैकी सहज कोरला जातो, पण त्यात वाळूसारखे बारीक कण असल्याने धार लवकर जाते. शिसव मजबूत आणि सुंदर, पण पहिल्याच कामाला हात फार दुखवतो. ओली फांदी कोरायला मऊ लागते म्हणून मोह होतो, पण ती वाळताना चिरते, तेव्हा ती नकोच.

लांबीसाठी आजोबांना रोजच्या चपला घालून सरळ उभं करा आणि हात सैल सोडायला सांगा. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर म्हणजे काठीची उंची. मूठ आणि खालचं रबरी बूच दोन्ही त्यात आले. गुपचूप करायची असेल तर आजोबांच्या उंचीच्या निम्म्याहून सेंटीमीटरभर जास्त धरा, आणि खाली आणखी चार-पाच सेंमी शिल्लक ठेवा.

चौरस पट्टीचे कोपरे रंध्याने काढून आधी आठ बाजू करा, मग सोळा, मग कानस आणि पॉलिश पेपर. सुरुवातीपासूनच गोल करायला गेलं की दांडा वाकडातिकडा होतो. वर साधारण 24 मिमी, खाली 20 मिमी ठेवा.

आडवी मूठ बसवणार असाल तर ती वेगळ्या लाकडाची करा, आणि तिच्या रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेने धावू द्या. जोडाला 8 मिमीचा आटे पाडलेला स्टीलचा गज घ्या, दोन्हीकडे पाच सेंमी आत जाऊ द्या आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरा. मुठीत तेवढी उंची नसेल तर तिथे मावेल तितका. नुसत्या खिळ्यावर भरवसा ठेवू नका. तळहात टेकतो ती जागा पूर्ण गुळगुळीत हवी. म्हातारपणी कातडी पातळ होते, बारीकशी उठलेली पाकळीसुद्धा रोज टोचते. हौस भागवायला मुठीचं पुढचं टोक आणि मुठीखालचा वीतभर दांडा आहेच.

नक्षी कागदावर काढा. 24 मिमी दांड्याचा घेर साधारण 75 मिमी भरतो, तेवढ्या रुंदीच्या कागदावर वेल काढून तो दांड्याला गुंडाळा आणि कार्बनने उतरवा. आता एकच पान घ्या. चाकू उभा धरून पानाच्या कडेवर मिलिमीटरभर खोल रेघ पाडा. मग बाहेरच्या बाजूने चाकू जवळजवळ आडवा करून त्या रेघेपर्यंत पातळ कपचे काढत या. उभी रेघ असल्याने चाकू पानात घुसत नाही, कपचा तिथेच सुटून पडतो. पानाच्या एका कडेला लाकूड लोण्यासारखं कापलं जाईल आणि दुसऱ्या कडेला फाटायला लागेल. फाटू लागलं की जोर लावू नका, काठी फिरवा आणि उलट दिशेने कापा. वेलावर हे दर पानाला होतं. तेव्हा आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर एक पूर्ण पान कोरून हाताला त्याची सवय होऊ द्या.

काठी मांडीवर ठेवून कोरू नका. शिकंज्यात कापड घालून पकडा, दोन्ही हात पात्याच्या मागेच राहतील असे ठेवा, आणि पाती वारंवार परजा. बोथट चाकूला जोर लागतो आणि तोच सटकतो.

शेवटी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उठलेले तंतू 240 नंबरच्या पेपरने हलकेच घासा, आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळू नका) दोन-तीन पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसायचं. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा, मगच फेका.

द्यायच्या आधी तुमचा पूर्ण भार टाकून काठी तपासा. करकर आवाज आला किंवा जोड हलला तर ती देऊ नका. आजोबांच्या हातात दिल्यावर शिल्लक लांबी खालून कापा, कोपर जरासं वाकलेलं दिसलं की उंची बरोबर, आणि घट्ट बसणारं रबरी बूच लावा. एक जास्तीचं बूचही सोबत द्या, बुचाच्या तळाच्या खाचा झिजल्या की ते ओल्या फरशीवर घसरतं.