बेस गिटारची मान बदलायची आहे. फिंगरबोर्ड मेपलचा घ्यावा की रोझवुडचा, आणि काय मोजून घ्यावं?

फिंगरबोर्डच्या, म्हणजे मानेवर बोटं दाबतो त्या पट्टीच्या, लाकडावर फार डोकं खपवू नका. आवाजात त्याहून मोठा फरक तारांनी पडतो. खरा फरक देखभालीत आहे. मेपलवर लॅकर लागतं, रोझवुडला कोरडं पडल्यावर थोडं तेल पुरतं. फ्रेटलेसवर (फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या नसलेल्या मानेवर) राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या खरखरीत तारा लावणार असाल तर मात्र एबनी हे कठीण लाकूडच घ्या, मऊ लाकडात त्या चरे पाडतात.

आता मापं. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) फिंगरबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या मधोमध मोजा आणि दुप्पट करा; ही झाली स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. लाँग स्केल बेसला साधारण 864 मिमी येतं. नवी मान दुसऱ्या स्केलची निघाली तर ब्रिजचे सॅडल (बॉडीकडच्या बाजूला तारा टेकतात ते सरकते तुकडे) कितीही सरकवा, सूर जुळणार नाहीत. मानेच्या टाचेची (बॉडीत बसणाऱ्या टोकाची) रुंदीही मोजा: फेंडर पद्धतीच्या बेसला 63.5 मिमी. नटची रुंदी फेंडरच्या जॅझ बेस मॉडेलची साधारण 38 मिमी, प्रिसिजन मॉडेलची बहुधा 41. जुन्या मानेची स्क्रूभोकं नवीला जुळतीलच असं धरून चालू नका.