मिनेसोटात राहून स्कॅन्डिनेव्हियन लोककथांचं छोटं इंग्रजी प्रकाशन सुरू करायचंय. पहिलं पुस्तक कुठलं काढावं आणि पैशांचं गणित कसं बसवावं?

आस्ब्यर्नसेन आणि मू यांच्या नॉर्वेजियन परीकथांनी सुरुवात करू नका. सगळ्यांना आधी तेच सुचतं. डेसेंटचं १८५९चं इंग्रजी भाषांतर कॉपीराइटमुक्त असल्यामुळे त्याच्या स्वस्त आवृत्त्या ढिगाने मिळतात. शिवाय मिनेसोटा विद्यापीठाच्याच प्रकाशनाने २०१९ साली टीना ननली यांचं संपूर्ण नवं भाषांतर काढलंय.

डेन्मार्ककडे वळा. एव्हाल्ड टांग क्रिस्टेन्सेन (१८४३–१९२९) या शाळामास्तराने डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या खेड्यापाड्यांत फिरून गोरगरिबांच्या तोंडच्या कथा उतरवून घेतल्या. त्यातलं बरंचसं अजून डॅनिशमध्येच पडून आहे. त्यातला एकच विषय उचला. उदाहरणार्थ, गोठ्यात राहणारा निस्से, म्हणजे लोककथांतलं बुटकं घरभूत. लापशीवर लोणी दिसलं नाही म्हणून तो रागाने गाय मारतो, मग वाडगं संपवताना लोणी तळाशी सापडतं. अशा दंतकथांचं २५,००० शब्दांचं नेटकं पुस्तक होतं, आणि मोठ्या प्रकाशकाला ते परवडत नाही.

हक्कांचं नीट बघा. मूळ कथा मोकळी असली तरी भाषांतर, टिपा आणि चित्रं यांचे हक्क वेगवेगळे असतात. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात, तर नॉर्डिक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. चित्रकार किटेलसेन १९१४ साली गेले, चित्रकार योन बाउअर १९१८ साली, त्यामुळे त्यांची जुनी छापील चित्रं वापरता येतात. स्कॅन मात्र छपाईच्या आकाराला ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा, म्हणजे ६ बाय ९ इंचाच्या पानाला किमान १८०० बाय २७०० पिक्सेल.

सर्वात जास्त चुका मजकूर उतरवताना होतात. जुनी बरीच डॅनिश आणि नॉर्वेजियन पुस्तकं गॉथिक टाइपात आहेत. त्यातला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचतो. मग ‘सो’चं (मग, तेव्हा) ‘फो’ (थोडे) होतं. दोन्ही खरे शब्द असल्यामुळे स्पेलचेकला काही कळत नाही. म्हणून उतरवलेलं प्रत्येक पान मूळ स्कॅनशी ताडून बघावंच लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण प्रकाशनाची पत त्यावरच ठरते. डेन्मार्कमध्ये १९४८पर्यंत डोक्यावर गोल असलेल्या ‘ए’ऐवजी दोन ‘ए’ लिहायचे, त्यामुळे आजच्या कोशात शब्द सापडत नाही. १७०० ते १९५०च्या डॅनिशचा मोठा कोश ऑनलाइन फुकट आहे, तो वापरा. जटलंडच्या बोलीसाठी फाइलबर्गचा कोश लागतोच. नुसती प्रमाण डॅनिश येणारा भाषांतरकार इथे अडतो.

आता पैसे. समजा भाषांतराला शब्दामागे १२ सेंट दिले, तर ३,००० डॉलर झाले. पुस्तक ११२ पानांत, म्हणजे १६ पानी ७ फर्म्यांत (एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत) बसवा. ११५ पानं झाली तर आठवा फर्मा लागतो आणि १३ पानं कोरी जातात. ५०० प्रती, छपाई प्रतीमागे ४ डॉलर धरली तर २,००० डॉलर. एकूण ५,०००, म्हणजे प्रत १० डॉलरला पडली. किंमत १८ ठेवलीत आणि संग्रहालयाच्या दुकानाने ५० टक्के सवलत मागितली, तर हातात ९ येतात. म्हणजे तोटाच. निम्म्या प्रती थेट १८ला विकल्या, तर एकूण ६,७५० येतात आणि १,७५० डॉलर उरतात. त्यातच मुखपृष्ठ, संपादन, टपाल. वितरक ५५ टक्के मागतो आणि न खपलेल्या प्रतीही परत पाठवतो, त्यामुळे पहिल्या पुस्तकाला त्याच्याकडे जाऊच नका. डॅनिश कला निधी भाषांतराला अनुदान देतो. त्यांच्या अटी आधी वाचा आणि पुस्तक निघायच्या आधीच अर्ज करा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) सूची क्रमांकही प्रकाशनापूर्वीच मागावा लागतो.

थेट विक्री मेळ्यांत होते. आयोवातल्या डेकोराचा नॉर्डिक फेस्ट जुलैअखेरीस असतो, म्हणून प्रती जूनमध्ये घरी हव्यात. त्यानंतर नाताळ. टपालाने पाठवताना मीडिया मेल (अमेरिकी टपालाचा सवलतीचा दर) सर्वात स्वस्त, पण त्या पार्सलमध्ये भेट म्हणून कॉफीचा मग किंवा कॅलेंडर घालू नका. तो दर फक्त पुस्तकांसारख्या वस्तूंना लागू होतो, आणि पार्सल उघडून तपासलं तर फरकाचे पैसे भरावे लागतात.