गॅरेजच्या काँक्रीटला इपॉक्सी करावं की नुसता सीलर मारावा?

तुम्ही लिहिलंय की कोबा सहा वर्षांचा आहे, गाडी रोज आत येते, मधोमध तेलाचे डाग आहेत आणि मागच्या भिंतीलगत पांढरी पावडर कितीही झाडली तरी परत दिसते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पावडरीतच आहे. ती धूळ नाही, खार आहे. खालची ओल काँक्रीटमधून वर चढते, येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतो. म्हणजे निदान त्या बाजूला तरी तुमच्या कोब्याला खालून ओल आहे. ती किती आहे हे कळेपर्यंत कुठलाच डबा, वर कडक थर धरणाऱ्या इपॉक्सीचा किंवा आत मुरणाऱ्या सीलरचा, विकत आणू नका.

तपासायला खर्च नाही. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट लांब-रुंद तुकडे कापा. एक त्या भिंतीजवळ, एक मध्ये, एक दाराशी असे ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. किमान 16 तास ठेवायचे. मी पूर्ण दिवस-रात्र ठेवतो. उचलल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपट पडलेलं असलं, तर ओल नक्की. कोरडं निघालं तरी पावसाच्या दिवसांत एकदा पुन्हा करून बघा, कारण जमिनीतलं पाणी वर्षभर सारखं नसतं.

हे इतकं कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या गॅरेजमध्ये मी आधी अ‍ॅसिडने जमीन धुऊन वर पाण्यावर आधारित, दोन भागांचं (बेस आणि हार्डनर मिसळून लावायचं) इपॉक्सी मारलं होतं. चारेक महिने छान दिसलं. मग एके सकाळी गाडी मागे घेतली आणि तळहाताएवढा पोपडा टायरला चिकटून निघून आला. तो उलटा करून पाहिला, तर खालच्या बाजूला सिमेंटची करडी, पिठासारखी साय चिकटलेली होती. म्हणजे इपॉक्सीने पकड सोडलीच नव्हती. ज्या सायीला ते धरून बसलं होतं, ती सायच कोब्यापासून सुटली होती. काँक्रीट घोटताना सिमेंटचा हा कमकुवत पापुद्रा वर येतो. अ‍ॅसिडने तो कुठे जातो, कुठे राहतो. आणि तेल मुरलेल्या जागी तर अ‍ॅसिड पोहोचतच नाही. त्यात गाडी फिरून आली की टायर तापलेले असतात. त्या उष्णतेने रंग मऊ होतो, टायर थंड होताना आक्रसतो आणि त्याच्यासोबत रंग ओढला जातो.

म्हणून माझं स्पष्ट मत: वर थर बसवायचा असेल तर डायमंड ग्राइंडरने (हिऱ्याचे कण बसवलेल्या चकतीच्या मशीनने) जमीन घासून घ्यावीच लागेल. मशीन भाड्याने आणा, सोबत धूळ ओढणारा व्हॅक्यूम हवाच, आणि तोंडाला चांगला मास्क. काँक्रीटची ती बारीक धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. घासून झाल्यावर हात फिरवला की मध्यम काचकागदासारखं खरखरीत लागलं पाहिजे. मग ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला तर तिथे अजून तेल किंवा जुना सीलर आहे, पुन्हा डिग्रीझर (तेल काढणारं द्रव) लावून घासा.

आता मालाचं. प्लास्टिकखाली ओल दिसली तर मी थराच्या वाटेला जाणार नाही. सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचा डेन्सिफायर घेईन. तो आत मुरतो, काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि पृष्ठभाग कठीण होतो, धूळ सुटणं थांबतं. वर सिलेन-सिलॉक्सेनचा सीलर मारला की गाडीवरून निथळणारं पाणी जिरत नाही. दोन्हींतून खालची वाफ बाहेर पडू शकते, म्हणून फुगे यायची किंवा पोपडे निघायची भीती नाही. चकाकी येणार नाही आणि तेल सांडल्यावर लगेच पुसलं नाही तर डाग पडेल, एवढं मात्र स्वीकारावं लागेल. चकाकी हवीच असेल तर ओल रोखणारा खास इपॉक्सी प्रायमर मिळतो, पण तो डब्यावर सांगितलेल्या जाडीत बसला नाही तर काही उपयोग नाही.

सगळीकडे कोरडं निघालं, तर 100 टक्के सॉलिड्सचं (पाणी किंवा थिनर नसलेलं) दोन भागांचं इपॉक्सी खाली आणि पॉलिअ‍ॅस्पार्टिक हे झपाट्याने वाळणारं कोटिंग वर, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. इपॉक्सी जाड बसतं, पण उन्हाने पिवळं पडतं; दार उघडं राहत असेल तर दाराजवळचा पट्टा आधी पिवळा होतो. पॉलिअ‍ॅस्पार्टिकला ऊन बाधत नाही. मात्र ते इतक्या झपाट्याने वाळतं की पहिल्यांदा करणाऱ्याने जोडीला माणूस घ्यावा. एकाच डब्यात येणारा ‘इपॉक्सी पेंट’ बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक रंगच असतो, गाडीखाली तो टिकत नाही.

इपॉक्सी दुपार उतरल्यावर मारा. सकाळी जमीन तापत जाते, छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात टाचणीएवढी भोकं पडतात. बेस आणि हार्डनर नीट ढवळले की बादलीत ठेवू नका, लगेच जमिनीवर ओता. साठून राहिलं की ते स्वतःच तापतं आणि बघता बघता घट्ट होतं. हातमोजे काढू नका, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. वरच्या थरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक कच मिसळा, नाहीतर ओल्या चपलेने पाय सरकेल.

दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नाही. गाडी मात्र आठवडाभर बाहेरच उभी करा, वरून कितीही कडक वाटलं तरी.