दगडी हत्यार कुठल्या ज्वालामुखीचं हे रसायनावरून कसं ओळखतात? पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात मिळालेल्या दगडी पात्यांचं तसं करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाशी माझा जास्त संबंध येतो, कारण मी पुण्यात भूविज्ञान शिकवते. पण तो कळण्यासाठी आधी ऑब्सिडियनचं रसायन पाहावं लागेल.

ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सिलिका असलेला घट्ट लाव्हा इतका झटपट थिजतो की स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. त्यामुळे एका प्रवाहातली काच सगळीकडे जवळपास सारखीच असते. दोन ज्वालामुखींमधला फरक सिलिका-ॲल्युमिनात शोधून फारसा हाती लागत नाही. तो सापडतो दहा लाखांत काही दहा किंवा काहीशे भाग इतक्याच असणाऱ्या मूलद्रव्यांत. जमिनीखाली शिलारस थंड होताना आधी फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक बनतात आणि स्ट्राँशियम ओढून घेतात. निओबियमला मात्र त्यांत जागा मिळत नाही, ते उरलेल्या रसात साठत जातं. स्फटिक किती बनले आणि मुळात कुठला खडक वितळला होता, यावर प्रत्येक ठिकाणची प्रमाणं ठरतात.

१९६४ साली भूवैज्ञानिक जो कॅन आणि पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी प्रामुख्याने बेरियम आणि झिर्कोनियम मोजून भूमध्य समुद्राभोवतीची ऑब्सिडियनची उगमस्थानं वेगळी करून दाखवली. तेव्हा नमुन्याचा थोडा भाग कुटावा लागे. आता एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती) यंत्रासमोर हत्यार जसंच्या तसं धरतात. क्ष-किरण अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा त्या जागी येतो आणि ठरावीक ऊर्जेचा किरण बाहेर पडतो: झिर्कोनियमचा साधारण १५.८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा, स्ट्राँशियमचा १४.२ च्या आसपास. मिनिट-दोन मिनिटांत आलेखावर शिखरं उभी राहतात. मग उगमस्थानांवरून गोळा केलेल्या नमुन्यांशी तुलना करायची. अडचण येते ती बारीक पात्यांची. झिर्कोनियमचे किरण दगडाच्या आतून येतात, म्हणून दोनेक मिलिमीटरपेक्षा पातळ पात्यात आकडा कमी भरतो. अशा वेळी नुसत्या आकड्यांऐवजी मूलद्रव्यांची एकमेकांशी गुणोत्तरं बघितली जातात.

यातून काय हाती लागतं बघा. ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत मिलोस बेटाचं ऑब्सिडियन सापडलं. समुद्राची पातळी तेव्हा बरीच खाली होती, तरी मिलोस बेटच होतं. म्हणजे माणसं तेव्हा समुद्र ओलांडत होती, आणि याचा पुरावा होड्यांचे अवशेष न मिळताही मिळाला! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. अर्थात उगम कळला म्हणून वाट कळत नाही. दगड एकाच माणसाने आणला की हातोहात फिरत आला, हे रसायन सांगत नाही. शिवाय नद्याही ऑब्सिडियनचे गोटे लांबवर वाहून नेतात.

आता आपल्याकडचं. दख्खनचा बेसॉल्ट पन्नास टक्क्यांच्या आसपास सिलिकाचा, त्याचा लाव्हा पातळ, त्यात स्फटिक सहज बनतात. वर तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि काच कालांतराने आपोआप स्फटिकरूप होत जाते. त्यामुळे इथे हत्यारांसाठी ऑब्सिडियन नव्हतं, आणि शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात मिळालेली ताम्रपाषाणयुगीन पाती प्रामुख्याने कॅल्सेडनीची आहेत. कॅल्सेडनी बनते बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत, पाण्याबरोबर झिरपलेल्या सिलिकाचे थर साचून. एकाच गोट्याची लाल पट्टी आणि पांढरी पट्टी यांतलं लोहाचं प्रमाण वेगळं असतं. आणि असे गोटे तर जवळजवळ अख्ख्या पठारावर मिळतात. मग एका पात्याचा आकडा कुठल्या डोंगराशी जुळवणार? हडप्पाच्या अकीकावर (अकीक म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची कॅल्सेडनी) पुरातत्त्वज्ञ रँडल लॉ यांनी न्यूट्रॉन अ‍ॅक्टिव्हेशनने, म्हणजे नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करून मूलद्रव्यं मोजण्याच्या पद्धतीने, काम केलं आहे, पण तिथे एकेका ठिकाणचे पुष्कळ नमुने घेऊन संख्याशास्त्राने गट पाडावे लागतात. आपल्या नदीकाठांची एवढी बारकाईची नोंद आधी व्हायला हवी, आणि ती व्हावी असं मला फार वाटतं.

तोवर साध्या डोळ्यांनीही बरंच कळतं. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलात तर पात्यांपेक्षा, पाती काढून उरलेले गाभे आधी बघा. त्यांच्या एखाद्या बाजूला गोट्याची मूळ साल शिल्लक असेल तर ती न्याहाळा. साल घासून गुळगुळीत झालेली असेल तर गोटा नदीपात्रातून उचललेला. खडबडीत आणि हिरवट असेल, तर तो पोकळीतून सुटून फार लांब गेला नव्हता, बेसॉल्टच्या उघड्या कड्याजवळच मिळाला असणार.