वाचकांचे प्रश्न : नोकरी सोडून कृत्रिम बुद्धिमत्तेत एम.टेक. करावे का?

प्रश्न : यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यापासून मी हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी करते. पायथॉन ही संगणकभाषा शिकले आहे, काही ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण केले आहेत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेत एम.टेक. करावे असे मनात आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की हातची नोकरी सोडून दोन वर्षे घालवण्यापेक्षा आणखी एखादे प्रमाणपत्र मिळवावे. गणिताचा सराव सुटला आहे. काय करावे? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे, परंतु प्रमाणपत्र आणि एम.टेक. यांची तुलना केवळ लागणाऱ्या काळावरून करता येत नाही. तयार साधने कशी वापरावीत हे प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात शिकता येते आणि ते तुम्ही शिकलाही आहात. साधन चुकीचे उत्तर देऊ लागले, की ते का चुकले हे शोधण्यासाठी मात्र संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि कॅल्क्युलस यांची पक्की बैठक लागते. म्हणून राजीनाम्याचा विचार करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन पुढचे एक उदाहरण सोडवून पाहा.

समजा, काटोलकडच्या एका संत्राबागेत १,००० झाडे आहेत आणि त्यांपैकी २० झाडांना डिंक्या रोग झाला आहे. खोडाचे छायाचित्र पाहून रोग ओळखणारी एक प्रणाली रोगट झाडांपैकी ९० टक्के झाडे बरोबर ओळखते, मात्र निरोगी झाडांपैकी १० टक्के झाडांनाही रोगट ठरवते. तिने रोगट ठरवलेले झाड खरोखरच रोगट असण्याची शक्यता किती? रोगट झाडांपैकी १८ सापडतील, ९८० निरोगी झाडांपैकी ९८ झाडांवर उगाच शिक्का बसेल. म्हणजे एकूण ११६ शिक्क्यांपैकी खरे केवळ १८, साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. आता प्रणालीची एकूण अचूकता काढा. ती ९० टक्के येते. आणि डोळे मिटून प्रत्येक झाडाला निरोगी म्हणणारी, एकही रोगट झाड न शोधणारी प्रणाली ९८ टक्के अचूक ठरते! तुमच्या विभागातही सदोष सुटे भाग चांगल्या भागांच्या मानाने थोडेच निघत असतील, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला परका वाटणार नाही. हे गणित करताना कंटाळा न येता कुतूहल वाढले, तर सराव सुटल्याची धास्ती बाळगू नका. रोज सकाळी तासभर दिला, तर काही महिन्यांत तो पुन्हा जमतो. त्यासाठी आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण मंचावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

प्रवेशाचा मुख्य मार्ग गेट या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेचा. २०२४ पासून त्यात ‘डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा स्वतंत्र पेपर आला आहे. तीन तासांच्या १०० गुणांच्या या पेपरात १५ गुण सामान्य कलचाचणीचे असतात. उरलेल्यात संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कॅल्क्युलस, पायथॉन व डेटा स्ट्रक्चर्स (माहितीची मांडणी), डेटाबेस, मशीन लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाला शिकवणे) आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय येतात. परीक्षेला वयाची अट नाही आणि गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, ही तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण नोकरी न सोडता परीक्षा देऊन, गुणांक हाती आल्यावर निर्णय घेता येतो. गेटच्या आधारे पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास केंद्र सरकारच्या संस्थांत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पगाराची जागा ते भरून काढणार नाही, तरी दोन वर्षांचा हिशेब मांडताना ते घरच्यांसमोर ठेवावे. यांत्रिकीची पदवी कोणत्या अभ्यासक्रमाला चालते, हे प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचावे. या बाबतीत संस्थांचे नियम सारखे नसतात.

संस्था निवडताना बहुतेक विद्यार्थी पदवीच्या नावात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द आहेत की नाहीत, एवढेच पाहतात, आणि याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. एम.टेक.चे दुसरे वर्ष जवळजवळ पूर्णपणे प्रबंधाचे असते. तुमची खरी घडण तिथेच होते, आणि ती होते की नाही हे मार्गदर्शकावर अवलंबून असते. नाव आकर्षक, पण तो विषय संशोधनात हाताळलेला प्राध्यापकच विभागात नाही, अशा ठिकाणी जाण्यापेक्षा संगणकशास्त्राच्या साध्या एम.टेक.ला प्रवेश घेऊन मशीन लर्निंगवर काम करणाऱ्या प्राध्यापकाकडे प्रबंध करणे केव्हाही चांगले. अर्ज करण्याआधी त्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध चाळा, त्यांच्या हाताखालच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला, आणि प्रबंधाच्या कामासाठी मार्गदर्शकांची भेट किती दिवसांनी होते हे अवश्य विचारा. आयआयटी हैदराबाद आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एम.टेक. आहे, गुणांक तेवढा आला तर तिकडे जरूर जावे. घर सोडणे शक्य नसेल, तर व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि बुटीबोरीजवळची ट्रिपल आयटी (भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था) या दोन राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था नागपुरातच आहेत; त्यांच्या संगणकशास्त्र विभागांपासून चौकशीला सुरुवात करा.

प्रबंधाच्या विषयासाठीही दूर जाण्याची गरज नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था या चारही संस्था आपल्या शहरात आहेत. बोंडअळी, फळगळ, हवेचे प्रदूषण, जमिनीचा कस यांवर तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे काम करीत आहेत. मार्गदर्शकामार्फत त्यांच्याशी रीतसर संपर्क साधावा. इंटरनेटवरून उतरवलेल्या, आधीच स्वच्छ केलेल्या माहितीवर काम केलेल्या विद्यार्थ्याला खऱ्या माहितीतले दोष दिसतच नाहीत. धुळीने माखलेल्या पानांची, अर्धवट उजेडातली छायाचित्रे हाताळलेल्याला ते चटकन उमगतात.

प्रश्न : मुलाला याच शाखेत प्रवेश मिळाला आहे. महागडा लॅपटॉप घ्यावा लागेल का? – एक पालक, वर्धमाननगर

उत्तर : लगेच घेऊ नये. मोठी मॉडेल शिकवण्याचे काम संस्थेच्या सर्व्हरवर करता येते, आणि सरावापुरती जीपीयूची (अशा कामाला लागणाऱ्या वेगवान प्रोसेसरची) सोय गूगल कोलॅब या संकेतस्थळावर मर्यादित प्रमाणात विनामूल्य मिळते. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पहिल्या वर्षाला पुरेसा आहे. प्रबंधाचा विषय ठरल्यावर मार्गदर्शकांना विचारूनच पुढचा खर्च करावा.